जिल्ह्यातून एक

यशवंतरावांनी गुणपत्रिका पाहिलीच नाही. सायलीच्या पप्पांनी, रणजीतनं, फोल्डरमधून काढून ती त्यांच्या पुढ्यात ठेवली, तेव्हा ते फोनवर कुणाला तरी पाण्याच्या टँकरबद्दल सांगत होते. बोलता बोलताच त्यांनी ती दोन बोटांनी परत रणजीतकडं सरकवली आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "हे राहू द्या तुमच्याकडं. कम्प्युटर ना? झालं समजा." मग ते दोघं मोशीतल्या रुंद होणाऱ्या रस्त्याबद्दल बोलत बसले. सायली शेजारच्या खुर्चीत बसून त्या कागदाकडं बघत राहिली. तिची कुणी दखल घेतली नाही असं नव्हतं. यशवंतरावांनी तिला पेढा दिला, मोठी झालीस की म्हणाले, आजोबांची तब्येत विचारली. तिला बोचलं ते वेगळंच. सीईटीत तिला अठ्ठ्याण्णवच्या वर पर्सेंटाइल होते. यशवंतरावांच्या संस्थेच्या या कॉलेजात कम्प्युटरची शेवटची जागा गेल्या वर्षी चौऱ्याण्णवला भरली होती. म्हणजे हीच जागा तिला सरकारी फेरीत, घरबसल्या, कुणाला न विचारता मिळाली असती. तिचीच वस्तू उचलून यशवंतरावांनी पप्पांना भेट दिली होती, आणि पप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली होती.

गाडीत रणजीत खुशीत होता. संस्थेचे खुद्द विश्वस्त बोलले, आता फेऱ्यांच्या याद्या बघत बसायला नको, घरापासून दहा मिनिटांवर कॉलेज, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सायली खिडकीतून बाहेर बघत होती. पप्पांचा राग यावा असं तिला वाटत होतं, पण राग नीट येत नव्हता, कारण पप्पा असे का झाले ते तिला ठाऊक होतं. दहावीनंतर हा माणूस असाच मार्कांचा कागद घेऊन कुठल्याशा संस्थेच्या दारात चार दिवस रांगेत उभा राहिला होता. पाचव्या दिवशी यादी लागली, तीत त्याच्यापेक्षा कमी मार्कांची दोन पोरं होती आणि तो नव्हता. त्यानंतर रणजीत कधीच रांगेत उभा राहिला नाही. इंद्रायणीकाठची कांद्याची शेती गेली, तिथं बारा मजल्यांच्या इमारती आल्या, रणजीतकडं तीन जेसीबी आले, आणि प्रत्येक कामासाठी फोन करायला एक एक माणूस आला. दवाखान्यात खाट हवी, फोन. दाखला हवा, फोन. फोन केल्याशिवायही एखादी गोष्ट होऊ शकते, यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. लेकीसाठी फोन करणं ही त्याची माया होती. आणि या मायेखाली लहानपणापासून सायलीचा जीव हळूहळू गुदमरत आला होता.

चौथीत असताना वक्तृत्व स्पर्धेत ती मध्येच दोन वाक्यं विसरली होती. माइकसमोर उभं राहून तिनं ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि मग तिसऱ्याच वाक्यापासून पुढं सुरू केलं. तरी पहिलं बक्षीस तिला मिळालं. प्रमुख पाहुणे होते तिचे आजोबा, लक्ष्मणराव. त्यांच्याच हातून तिनं कप घेतला, फोटो निघाला, आणि तिची नजर मात्र तिसऱ्या ओळीत बसलेल्या एका मुलीवर होती, जिनं एकही वाक्य न विसरता भाषण केलं होतं आणि जी टाळ्या वाजवत होती. ती मुलगी रागावलेली दिसत नव्हती, हेच सायलीला सहन झालं नव्हतं. जणू असंच असतं हे तिला आधीपासून माहीत होतं. तेव्हापासून सायलीला तिच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीला उलटी करून बघायची सवय लागली. वर्गाची मॉनिटर झाली, ती का? नाटकात राणी झाली, ती का? बाई पेपर तपासून देताना, "रणजीतशेठना सांग, पेढे पाहिजेत," असं म्हणायच्या आणि त्या क्षणी पेपरातले पैकीच्या पैकी मार्क तिच्या हातात असूनही कुठंतरी निसटून जायचे. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नसतं, बारकोडचं स्टिकर चिकटवायचं असतं, हे कळलं तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की ते स्टिकर चिकटवून झाल्यावर तिनं त्यावरून दोनदा अंगठा फिरवला होता. त्या पट्ट्यांमागं कोण आहे हे तपासणाऱ्याला कळणार नव्हतं. त्र्याण्णव टक्के मिळाले. तेवढे त्र्याण्णव तिला आपले वाटले.

त्या संध्याकाळी ती स्कूटर काढून दिघीला पिंकीकडं गेली.

पिंकी तिची भोसरीच्या ज्युनियर कॉलेजातली मैत्रीण. गुणपत्रिकेवरही पिंकीच, नाव ठेवताना बापानं विचार केला नाही आणि नंतर बदलायला मला वेळ मिळाला नाही, असं ती सांगायची. तिचे वडील भीमराज भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये भट्टीवर होते. लोखंडाचे भाग लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. लष्कराच्या भिंतीकडच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या फळीवर, पिंकीची वही असायची. चांगल्या मार्कांच्या मुलांना भरघोस शिष्यवृत्ती देणाऱ्या कॉलेजांची ती वही होती. पिंकीनं चार महिने खपून ती केली होती. जाहिरातींवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. ती थेट कॉलेजांना फोन करायची, आवाज जड करून "मी मुलीची आई बोलतेय" म्हणायची, आणि समोरचा माणूस कंटाळेपर्यंत प्रश्न विचारायची. वहीत दोनच रकाने होते: काय देतात, आणि कधी काढून घेतात. एका ठिकाणी शंभर टक्के माफी, पण पहिल्याच वर्षी. एका ठिकाणी चारही वर्षं, पण एका सत्रात जरी दहापैकी नऊच्या खाली सरासरी आली की बंद, आणि पुन्हा चालू नाही. एका ठिकाणी शिकवणीची फी माफ, पण हॉस्टेल आणि मेस इतकी महाग की माफी कुणाला दिली तेच कळू नये. एका ठिकाणी सरकारी फेरी संपण्याआधी मूळ कागदपत्रं जमा करायची, म्हणजे परतीची वाट बंद.

"हे बघ," पिंकीनं वहीचं शेवटचं पान उघडलं. हुबळीच्या पुढचं एक विद्यापीठ होतं. प्रत्येक जिल्ह्यातून एका विद्यार्थ्याला चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, सगळं. दुसऱ्या क्रमांकाला अर्धी फी माफ. अट एकच, नापास व्हायचं नाही. त्यांची स्वतंत्र परीक्षा, चिंचवडच्या केंद्रावर. आणि एका ओळीखाली पिंकीनं दोनदा रेघ मारली होती: उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, जातीचाही नाही.

सायलीनं विचारलं, दाखला दिला तर तुझा फायदाच नाही का? सरकारी कॉलेज तर तुला असंही मिळेल.

"मिळेल," पिंकी म्हणाली. "आणि मग चार वर्षं लोक म्हणतील, तुझं काय बाई, तुझं होतंच. बारावीला मी वर्गात पहिली आले तेव्हा पण म्हणाले. तिथं कसला दाखला होता? मला एकदा तरी असं काहीतरी पाहिजे की ज्यावर कुणाला काही बोलता येणार नाही. ते झालं की मग सरकारचं पण घेईन, हक्काचंच आहे ते."

तिनं हे रागानं म्हटलं नाही, बेरीज सांगावी तसं सांगितलं. पण सायली वहीतल्या त्या दोन रेघांकडं बघत राहिली. आपल्या मनात इतकी वर्षं जे विनानावाचं पडून होतं, त्याला दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच टोकानं कुणीतरी नाव दिलं होतं. घरी येऊन जेवणाआधीच तिनं त्या विद्यापीठाचा अर्ज भरला. वडिलांचा व्यवसाय हा रकानाच त्यात नव्हता. अर्ज गेल्याचा मेसेज आला तेव्हा तिला दहावीच्या त्या सकाळसारखं हलकं वाटलं. मग जेवताना, भाकरीचा घास तोंडात असताना, तिला ते आठवलं. जिल्ह्यातून एक.

पुढचे सहा दिवस तिनं पिंकीला काही सांगितलं नाही. दोघी रोज कॉलेजच्या अभ्यासिकेत समोरासमोर बसत, पिंकी भरभरून त्या परीक्षेबद्दल बोले, आणि सायली मान हलवे. तिला गणित घालून बघायची सवय होती, आणि हे गणित कसंही घातलं तरी तिच्या विरुद्ध जात होतं. पिंकीला ते मिळालं नाही तर हॉस्टेल, मेस, परगाव, सगळं संपलं. तिला स्वतःला मिळालं नाही तर काहीच संपत नव्हतं. पप्पा उद्या अख्खी फी एका सहीत भरतील. म्हणजे तिला हवं होतं ते फक्त स्वतःचं माप. एवढ्यासाठी कुणाच्या ताटातलं घ्यायला बसायचं का? पण मग, दुसरं मन म्हणे, ज्याच्याकडं आहे त्यानं स्वतःला कधी मोजूच नये का? घरात तर वेगळीच गंमत चालली होती. शिष्यवृत्तीची परीक्षा देणार म्हटल्यावर रणजीत आधी हसला, मग दुखावला. ते गरिबांसाठी असतं, रणजीतची पोर फुकट शिकते म्हणून भावकीत बोलतील, असं त्याचं म्हणणं. मम्मीला लांबचं गाव नको होतं. लक्ष्मणराव आजोबांनी तेवढं विचारलं, "तितं आपल्या वळकीचं कोन हाय का?" कुणी नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग काय व्हतंय? बसू द्या की पोरीला परीक्षेला. कुनाच्या उपकारात तर न्हाई."

सातव्या दिवशी तिनं सांगून टाकलं. भोसरीच्या बसथांब्यामागं रसवंतीत दोघी बसल्या होत्या. पिंकीनं ग्लास खाली ठेवला. तिचा चेहरा बंद झाला. सायलीला वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा कधीच बोलणार नाही.

"तुला काय गरज आहे?" पिंकीनं विचारलं.

सायलीनं यशवंतरावांच्या केबिनमधलं सगळं सांगितलं. सांगताना तिलाच ते फार क्षुल्लक वाटायला लागलं. गुणपत्रिका बघितली नाही हे काय दुःख झालं? सायली घाईनं म्हणाली की मी अर्ज मागं घेते, आजच घेते, मला कळायला हवं होतं.

"अर्ज मागं घेतलास तर तुझी माझी मैत्री संपली," पिंकी म्हणाली. "मला मिळालं तरी आयुष्यभर वाटत राहील, सायलीनं सोडलं म्हणून मिळालं. मग यात आणि त्यात फरक काय? तू दे परीक्षा. आणि नीट दे. मुद्दाम चुकलीस तर मला कळेल."

"कसं कळेल?"

"कळेल." पिंकीनं रस संपवला. "आणि आता पंधरा दिवस आपण एकत्र अभ्यास करायचा नाही. तुझं फिजिक्स माझ्यापेक्षा बरं आहे. मला तुझ्याकडून काही शिकायचं नाही आता."

ते पंधरा दिवस सायलीनं झोपडीतल्या दिव्याची गोष्ट जगावी तसा अभ्यास केला असं नाही. तिच्याकडं एसी होता, वेगळी खोली होती, दूध आणून देणारी मम्मी होती. पण ती पहाटे उठायची आणि प्रत्येक गणित स्वतःला संशयानं बघत सोडवायची. पाठ आहे म्हणून येतंय की समजलंय म्हणून? अभ्यास करताना तिला पिंकी दिसायची, शिलाई मशीनच्या फळीवर वाकलेली. तिला हरवायचं आहे, हे मनात स्वच्छ उच्चारायला तिला तीन दिवस लागले. उच्चारल्यावर तिला वाटलं होतं तशी लाज आली नाही. उलट पिंकीबद्दल इतका आदर तिला आधी कधी वाटला नव्हता.

परीक्षेच्या सकाळी चिंचवडला, तिसऱ्या मजल्यावरच्या कम्प्युटर लॅबबाहेर, पिंकी तिच्याकडं बघून फक्त मान हलवून आत गेली. खाली जिन्याच्या पायरीवर भीमराज बसले होते. ते रात्रपाळी उरकून तसेच लेकीबरोबर आले होते. कपड्यांना तेलाचा जळका वास येत होता. सायलीला बघून त्यांनी "नीट लिहा हां, पोरी" म्हटलं आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. तो वास सायलीबरोबर वर आला. पहिले दोन तास ती त्यातून सुटली होती, प्रश्न एकामागून एक जात होते. मग शेवटच्या भागात एक उतारा आला: पोलादाचा एक तापवलेला तुकडा तेलात आणि दुसरा तसाच हवेत थंड केला, कुठला जास्त कडक होईल, आणि का, खाली चार लांबलचक पर्याय. सायलीचं उत्तर वाचतानाच तयार होतं. मागं एकदा पिंकीबरोबर ती त्या वर्कशॉपात डबा द्यायला गेली होती. भीमराजांनी चिमट्यात धरलेला लालभडक तुकडा तेलात सोडला, तेल फुसफुसलं, धूर उठला, आणि त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं की खेळ सगळा थंड करण्यात आहे, तापवणं कुणीही करील. तिचा माउसवरचा हात थांबला. ही त्यांची गोष्ट होती. खाली तो माणूस झोपलाय आणि वर ती त्याच्याच विद्येवर त्याच्या लेकीच्या पुढं जाणार आहे. हा एक प्रश्न सोडून द्यावा. एकच. कुणाला कळणार आहे? खोलीतला पंखा तिला अचानक मोठ्यानं ऐकू यायला लागला.

आणि मग तिला कळलं की ती हे जे करायला निघाली आहे ते तिनं आधी पाहिलंय. पिंकीचा पेपर न बघताच, पिंकीला किती येतं हे न विचारताच, ती तिच्यासाठी ठरवून टाकत होती. झालं समजा, म्हणत होती. तिच्या मनातली माया खोटी नव्हती. पप्पांचीही खोटी नव्हती. तिनं बरोबर पर्यायावर क्लिक केलं. मग पुढचा प्रश्न. वेळ संपेपर्यंत तिनं एकही प्रश्न सोडला नाही, आणि अकरा मिनिटं उरली ती मागची उत्तरं तपासण्यात घालवली.

दुपारी पाच पाच मिनिटांची मुलाखत होती. पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी तिचे जोडे, घड्याळ बघून सरळ विचारलं की तुमच्या घरी फी भरता येण्यासारखी दिसते, मग हे कशाला? सायलीचं इंग्रजी अडखळलं. मी किती आहे ते मला माहीत नाही, ते माहीत करून घ्यायचंय, असं काहीतरी ती बोलली. बाईंनी ते लिहून घेतलं.

आठ दिवसांनी निकाल लागला. जिल्ह्याच्या यादीत पहिलं नाव पिंकी भीमराज कांबळे, दोनशेपैकी एकशे चौऱ्याहत्तर. दुसरं सायलीचं, एकशे सत्तर. तिनं आकडे वाचले आणि तिला आधी आनंद झाला नाही, पिंकीसाठीही नाही. एक लख्ख, साधी कळ आली. हरल्याची. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली. चार मार्क. पाण्याखाली हात धरून ती त्या चार मार्कांवर पुन्हा पुन्हा जात होती, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की या वेळी उलटं करून बघण्यासारखं तिच्यापाशी काहीच नाही. या दुसऱ्या नंबरला मागची बाजू नव्हती. कुणी दिला नव्हता, कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. दहावीच्या त्या स्टिकरनंतर पहिल्यांदा तिला आपलं काहीतरी वजन आहे असं वाटलं, आणि ते वजन एकशे सत्तर होतं.

फोन वाजला. पलीकडं पिंकी होती.

"सगळे सोडवलेस ना?" तिनं विचारलं.

"सगळे."

"तेलातला तुकडा?"

"तो पण. बरोबर आलाय तो."

मग पलीकडं पिंकी रडायला लागली. मागं भीमराज कुणाला तरी सांगत असल्याचा आवाज येत होता. रडणं थांबल्यावर पिंकी म्हणाली की अर्ध्या फीवर येणार असशील तर तीन दिवसांत कळवायचंय, वाच नीट, दुसऱ्या क्रमांकाला हॉस्टेल आपलं आपण भरायचं असतं. ते मी तुला वहीत दाखवलं नव्हतं, तेव्हा तुझ्यासाठी ते बघायचं डोक्यातच नव्हतं. सायली म्हणाली, वाचलंय.

संध्याकाळी ती वर गच्चीत गेली. रणजीत कठड्याला टेकून समोरच्या इमारतींकडं बघत उभा होता. तिनं निकाल सांगितला. दुसरी, अर्धी माफी, बाकीची फी आणि हॉस्टेल तुम्ही भराल का, असं तिनं सरळ विचारलं; मागायला तिला आता जड गेलं नाही. रणजीतनं आधी दूर किती आहे ते विचारलं, मग तिथलं जेवण कसं असेल ते विचारलं. मग त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचा तो उत्साह आला.

"अर्धी कशाला? थांब. त्या बाजूला आपल्या खडीच्या क्रशरवाल्याचे पाहुणे आहेत, त्यांच्याकडून कुणाची तरी ओळख निघेल तिथं..."

"पप्पा, तिथं आपलं कुणीच नाही," सायली म्हणाली. "म्हणूनच मला तिथं जायचंय."

तिनं आवाज चढवला नाही. रणजीतनं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवून तो पुन्हा समोरच्या इमारतींकडं बघायला लागला. खाली रस्त्यावरून भोसरीकडं जाणारी बस गेली. सायलीला वाटलं आपण त्याला फार दुखावलं. मान खाली घालून ती जिन्याकडं निघाली. अर्ध्या जिन्यात असताना तिला वरून त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला, आणि ती तिथंच पायरीवर थांबली.

"यशवंतराव, रणजीत बोलतोय. ती जागा राहू द्या... नाही नाही, नाराजी कसली. पोरीनं तिचं तिनं बघितलंय. हां, लांब आहे, कर्नाटकात." मग बराच वेळ पलीकडचं बोलणं चाललं असावं. रणजीत दोनदा हूं म्हणाला. "कुणाच्या ओळखीनं?" त्यानं तो प्रश्न परत उच्चारला, जणू स्वतःलाच विचारत होता. "कुणाच्याच नाही. परीक्षा होती."